पांढऱ्या पट्टीचे मासे

मी माशांवर संशोधन करते म्हटलं की रत्नागिरीत पुढचा प्रश्न ठरलेला: सुरमईवर की बांगड्यावर? झेब्राफिश म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. करंगळीच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला, काचेच्या पेटीत ठेवायचा मासा. त्याचं कालवण होत नाही. पहिल्याच वर्षी आईने विचारलं होतं, "खायचे नाहीत तर मारता कशाला गो?" आता सहावं वर्ष सरत आलंय आणि मला अजून तिला पटेल असं उत्तर सापडलेलं नाही.

या माशाच्या कातडीवर ठिकठिकाणी ज्ञानेंद्रियांचे बारीक ठिपके असतात. त्यांतल्या पेशींना सूक्ष्म केस असतात आणि त्यांच्यामुळे माशाला पाण्याची हालचाल कळते. आपल्या कानाच्या आतही अगदी तशाच पेशी असतात. फरक एवढाच की आपल्या मेल्या की मेल्या, परत येत नाहीत. माशाच्या दोन-तीन दिवसांत नव्याने उगवतात. हे त्याला कसं जमतं, याच्या मागे जगभरची माणसं लागलेली आहेत. त्या रांगेच्या अगदी शेपटाला, पत्र्याच्या छपराखालच्या एका प्रयोगशाळेत, मी.

माझं काम सांगायला सोपं आहे. नुकती अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं घ्यायची. ती थोडा वेळ मोरचुदाच्या अगदी पातळ पाण्यात ठेवायची. मोरचूद म्हणजे तेच, आपल्याकडे पोफळीवर फवारतात ते, तांब्याचं निळं मीठ. त्याने त्या पेशी मरतात. मग पिल्लं स्वच्छ पाण्यात हलवायची. निम्म्यांच्या पाण्यात भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पसरते त्या मर्यादवेलीचा अर्क घालायचा आणि निम्म्यांना नुसतं पाणी द्यायचं. अर्कवाल्यांच्या पेशी लवकर उगवल्या, तर माझा प्रबंध झाला. सहा वर्षांत कधी पिल्लं बुरशीने गेली, कधी पंप बंद पडला, कधी सगळं सुरळीत होऊन आकडे धड इकडे ना तिकडे आले. शिष्यवृत्ती केव्हाच संपली होती. पालीच्या कॉलेजात तासिकांवर शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पिल्लं सांभाळत होते. माझे मार्गदर्शक, आमचे सर, निवृत्तीला टेकले होते. ते म्हणाले, "या खेपेला काय ते होऊ दे. पुढच्या वर्षी मी नसेन आणि दुसरं कोणी तुम्हाला घेणार नाही." ते रागावून बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं.

त्या शेवटच्या खेपेला, सकाळी मोरचुदाचं काम आटोपलं आणि दुपारी परतीच्या पावसातली वीज ट्रान्सफॉर्मरवर पडली. दुरुस्तीला दोन-तीन दिवस लागतील असं कळलं. पत्र्याखालची ती खोली ऑक्टोबरात पंख्याशिवाय भट्टी होते. सरांना विचारलं आणि पिल्लांचे वाडगे खोक्यात घालून मांडीवर धरून रिक्षाने घरी आणले. स्वयंपाकघरात माठाशेजारच्या गार कोपऱ्यात मांडले. अर्काच्या वाडग्यांना निळी पट्टी, नुसत्या पाण्याच्या वाडग्यांना पांढरी. पुढचे दोन दिवस मला पालीला परीक्षेवर हजर राहायचं होतं. सकाळचं पाणी बदलायचं आईकडे दिलं. निळ्यांना निळ्या बाटलीतलं, पांढऱ्यांना प्रयोगशाळेतून आणलेल्या कॅनमधलं, नळाचं अजिबात नाही. तिने माझ्यासमोर एकदा करून दाखवलंन, तेही माझ्यापेक्षा हलक्या हाताने. वाकून वाडग्यात बघत म्हणाली, "किती चिमुकली ही. डोळेच दिसतात नुसते."

तिसऱ्या दिवशी वीज आली, तशी पिल्लं परत नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातली. जिवंत पेशी चमकतील असा रंग आम्ही वापरतो. निळ्या पट्टीची पिल्लं दिवाळीतल्या पणत्यांसारखी उजळली होती. पांढऱ्या पट्टीची सगळी काळोखी. एक नाही, दोन नाही, सगळी. मी सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ नळीवरून डोळा काढला नाही. मग म्हणाले, "झालं हो तुमचं." आणि स्वतः खाली जाऊन चहा सांगून आले. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला आनंद झाला का, ते आठवत नाही. आता झोपायला मिळेल, एवढंच वाटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती खूश झाली, साखर ठेवलीन देवापुढे. मग जरा गोंधळून म्हणाली, "पण पांढऱ्या पट्टीची का नाही झाली बरी? त्यांना तर मी चांगलं पाणी घातलं होतं."

"चांगलं म्हणजे?"

"कळशीतलं."

आमच्याकडे तांब्याची कळशी आहे. आई ती चिंच-मिठाने लख्ख घासते, रात्री तिच्यात विहिरीचं पाणी भरून ठेवते आणि सकाळी उठल्या उठल्या तेच पिते. तिच्या मते घरातलं सगळ्यात औषधी पाणी ते. माणसाला त्याने काही होत नाही. या पिल्लांना मात्र त्यात उतरलेलं तांबं पुरतं. ज्याने मी पेशी मारल्या होत्या, तेच तिने दोन दिवस, प्रेमाने, त्यांना परत परत घातलं होतं. निळी माझ्या अर्काने उजळली, असं आता म्हणता येणार नव्हतं. पांढऱ्यांना बरं व्हायलाच मिळालं नव्हतं.

मी ओरडले नाही. ओरडायला अंगात काही हवं. "मी सांगितलं होतं ना, कॅनमधलंच," एवढंच म्हटलं.

"एकांना औषध नि एकांना नुसतं पाणी. मला बघवे ना गो. त्यांनी काय केलंन होतं?"

आणि मग माझ्या तोंडून गेलं. "दादाच्या वेळी बरं बघवलं तुला."

दादा माझा मोठा भाऊ. त्याला बारावीनंतर मुंबईला पाठवलं, कारण एकालाच पाठवणं जमणार होतं. पुढच्या वर्षी माझी बारावी झाली, तेव्हा माझे गुण त्याच्यापेक्षा जास्त होते. घरात एवढंच बोललं गेलं की इथलं कॉलेज काय वाईट आहे, पूल ओलांडला की आलं. वडील बोटीवर होते, ते पत्रातून हो म्हणाले. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नव्हतो. मी बोलले नव्हते आणि आईनेही कधी विषय काढला नव्हता. आईने हातातला तांदूळ सुपात ठेवलान. मग पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाट्याचा पूल ओलांडताना मला स्पष्ट दिसत होतं की हे कोणालाही कळणार नाही. फोटो खरे होते. आई कोणाला सांगायला जाणार नव्हती. मला गप्प राहायचं होतं, अगदी मनापासून. प्रामाणिकपणाचं मला फार कौतुक आहे असंही नाही. पण तो अर्क पुढे कोणीतरी विश्वासाने वापरून बघणार आणि पुन्हा माझ्यासारखी कोणीतरी त्याच्या मागे सहा वर्षं घालवणार, हे काही डोक्यातून जाईना. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "परत करा," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आईंना बोलू नका काही." मी म्हटलं, बोलून झालंय.

परत केलं. पुन्हा अंडी, पुन्हा मोरचूद, पुन्हा वाडगे, या वेळी सगळं प्रयोगशाळेतच. निळ्या पट्टीची उजळली. पांढऱ्या पट्टीचीही उजळली, तितकीच आणि तेवढ्याच वेळात. मर्यादवेलीचा काडीचा उपयोग नव्हता. सर म्हणाले, "उपयोग नाही हेही लिहिता येतं. पदवी मिळेल. नोकरीचं मात्र मी सांगू शकत नाही." मी मान हलवली, भांडी धुऊन ठेवली आणि दिवे घालवून घरी आले.

आई दारातच होती. त्या दिवसापासून आम्ही जेवणखाणाचं तेवढं बोलत होतो. "काय झालं?" तिने विचारलंन. मी चप्पल काढता काढता सांगितलं की औषधाचा उपयोग नाही, दोन्ही सारखीच आली.

तिने माझ्या हातातली पिशवी घेतलीन. मग जपून, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "म्हणजे ज्यांना काही दिलं नाही, तीपण झाली ना नीट? आपली आपण?"

ती नुसतं पिल्लांचं विचारत नव्हती; तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. हो म्हटलं असतं तर ती त्या रात्री नीट जेवली असती. पण मी फार दमले होते.

"मासे आहेत ते, आई," मी म्हटलं.