एका आवाजातले जाहीरनामे

आमच्या ह्यांना, म्हणजे धाकूला (घेतलं नाव तर घेतलं, आता कोण काय करतंय माझं!), उरणच्या बाजूला सगळे ओळखतात ते आवाजावरून. रिक्षावर दोन भोंगे बांधून जाहिराती सांगत फिरायचं, हा धंदा. साड्यांचा सेल असो, बैलगाड्यांची शर्यत असो नाहीतर उद्या पाणी बंद असो, ह्यांच्या तोंडून आलं की लग्नाचं आमंत्रणच वाटतं. घरात मात्र "तुळसा, चहा" एवढंच पुटपुटणार, तेही टीव्हीकडे बघून.

निवडणूक लागली की ह्यांच्या अंगात येतं. गावात उभा राहणारा प्रत्येक जण आपला जाहीरनामा घेऊन आमच्या ओटीवर हजर. पक्ष कुठलाही असो. हे चष्मा चढवणार, मोठ्याने वाचणार आणि समोरच्याची पार सालटी काढणार. वाक्य एका श्वासात मावलं नाही तर, "ही काय मालगाडी हाय? डबे सोड की थोडे!" 'सर्वांगीण विकास' दिसला की, "म्हंजे नेमकं काय करणार? न्हाय ना ठाऊक? मग काढ ते." चांगदेव आमच्या गावातली मोठी असामी, बंदरावर त्याचे ट्रेलर चालतात. मागच्या खेपेला त्याच्या तोंडावर म्हणाले, "पानभर नुसता रस्ता नि रस्ता. गटार कुठंच न्हाय. पावसाचं पाणी काय ट्रेलरमधून नेणार?" चांगदेवने हसून कान पकडले. "दादा, तुम्हीच करा नीट."

आणि हे करतात ना नीट! तिथेच तर गोम आहे. बसतात, खोडतात, शब्दांना कडक इस्त्री करतात आणि शेवटी आपली ठेवणीतली ओळ जोडतात, "आपलं गाव, आपला घाम, आपलंच नाव!" जो येईल त्याला तीच ओळ. मी एकदा म्हटलं, अहो, सगळे उमेदवार एकाच तोंडाने बोलायला लागलेत. तर म्हणे, "तोंड माझंच हाय ना!" घ्या, बोला आता.

हे सगळं गावाच्या पद्धतीमुळे. गावातला रस्ता अरुंद. एका निवडणुकीत दोन पक्षांच्या प्रचाराच्या गाड्या समोरासमोर अडकल्या, कुणी मागे घेईना, भोंगे एकमेकांवर ओरडतायत, आणि शेवटी माणसांची डोकी फुटली. तेव्हा मोठ्यांनी ठरवलं की गावात प्रचाराची गाडी आणायची नाही. एका संध्याकाळी सगळ्यांनी तळ्याजवळ जमायचं, धाकूने सगळे जाहीरनामे एका आवाजात वाचायचे आणि उमेदवारांनी पुढे बसून ऐकायचं. तोंडातून ब्र काढायचा नाही. आजवर कुणी ही पद्धत मोडली नव्हती.

यंदा सरपंचपदाला आमची लेक भावना उभी राहिली, चांगदेवच्या समोर. पोरगी शिकलेली, कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरीला, बौद्धवाड्यातून सरपंचपदाला उभी राहिलेली पहिलीच. तिने आपला जाहीरनामा आपणच लिहिला. रोज संध्याकाळी मी मासळी साफ करायला बसले की मला वाचून दाखवायची, त्यामुळे माझा तो पाठच झाला होता.

ह्यांनी वाचला आणि तोंड असं केलं जसं काही भातात खडा आला. "विचार बरे हायत. पण भाषा पार अळणी गं पोरी! टाळी कुठे घेणार तू?"

"टाळी नकोच मला. बाबा, एक शब्द बदलायचा नाही."

"पडशील."

"पडले तर माझ्या शब्दांनी पडेन. तुमच्या शब्दांनी निवडून आले, तर सरपंच कोण, मी की तुम्ही?"

झालं! बापलेकीचं बोलणं बंद. जेवताना "आई, बाबांना डाळ हवी का विचार," "तुळसा, तिला सांग, नको." मी काय पोस्टमन आहे? पण ह्यांचा जीव टांगणीला लागलाय हे मला दिसत होतं. अख्ख्या गावाचे जाहीरनामे सजवले आणि पोटच्या पोरीला तसंच उघडं पाठवायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं. आणि तिला एकच हवं होतं, बापाने तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत गावाला सांगावं. दोघांचंही मला पटत होतं, त्यामुळे मला दोघांचाही राग येत होता.

ती संध्याकाळ आली. तळ्याजवळ सगळं गाव. आधी चांगदेवचा जाहीरनामा झाला. काय तो आवाज, काय तो थाट! 'आपलं गाव' म्हटल्याबरोबर बायकांनीच पुढची ओळ पुरी केली, पाठच सगळ्यांना. टाळ्या, शिट्ट्या.

मग भावनाचा. ह्यांनी घसा खाकरला. "गटार पहिल्या वर्षी. रस्ता नंतर, कारण आधी रस्ता केला की गटारासाठी तो फोडावा लागतो." ठीक. मी श्वास सोडला. "आणि पाणी... पाणी घरोघरी, रोज, मुबलक!"

कडाडून टाळी पडली. भावनाने मान खाली घातली. तिला बोलायची सोय नव्हती. ओढणीचं टोक तेवढं पिळत होती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मी काही उमेदवार नव्हते. उठले.

"अहो! चुकीचं वाचलंत!"

भोंग्यातून आलं, "तुळसा, खाली बस." अख्ख्या गावाने ऐकलं.

"न्हाय बसणार! कागदावर काय हाय ते वाचा. माझ्या पोरीचं वाचा, तुमचं नको!"

गाव खो खो हसायला लागलं. ह्यांनी मात्र कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. मग वाचलं. चढ नाही, उतार नाही, जसे घरात बोलतात तसे. "पाणी एक दिवसाआड येईल. रोज देईन असं मी म्हणणार नाही, टाकी तेवढी मोठी नाही. यार्डातल्या नोकऱ्या माझ्या हातात नाहीत. मागायला मी जाईन. सोबत कोण येणार ते आत्ता सांगा."

संपलं. टाळी नाही. शिट्टी नाही. मला वाटलं, बाई गं, बुडवलं मी पोरीला!

तेवढ्यात मिठागरावर जाणारी सखुबाई उठली. "एक दिवसाआड म्हंजे खालच्या आळीला कुठला दिवस?" मागून केतन ओरडला, "यार्डात मी येतो. कधी जायचं?" कुणी विचारलं, टाकी मोठी का नाही होत? कुणी विचारलं, गटार कुठून सुरू करणार? एकच गलका. ह्यांची तर तारांबळ. "अरे, प्रश्न विचारायची पद्धत न्हाय आपल्यात!" पण ऐकतो कोण! आजवर जाहीरनामा ऐकून कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारायला होतंच काय त्यात? शेवटी मोठ्यांनी भावनाला बोलायची खूण केली आणि ती उठून एकेकाला उत्तर देत राहिली.

माणसं पांगली तेव्हा चांगदेव आमच्याकडे आला. भावना तिथेच वायर गुंडाळत होती. तो हळूच म्हणाला, "धाकूदादा, मतदानाला अजून वेळ हाय. माझाही तसा लिहून द्या की."

हे चष्मा पुसत होते. मी म्हटलं, आता बसतील लगेच खोडायला. सवयच ती.

"मला न्हाय येत तसं, चांगदेव," हे म्हणाले. "आणि जिला येतं ती तुझ्यासमोर उभी हाय."

भावनाच्या हातातली वायर खाली पडली. मी तोंडाला पदर लावला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडले.