मुंग्यांचं माहेरचं नाव

वहिनी गेल्याचा निरोप घेऊन आमच्या गावाहून, साखऱ्याहून, गडी हिंगोलीला आला, तेव्हा मी शाळेत रसायनाचा तास घेत होतो. यंदाच्या पावसात रस्त्यांचा काही भरवसा नाही. मी गावी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं…

थोरले बंधू वारले तेव्हा वहिनी ऐन पंचविशीत होत्या. मूलबाळ नाही, माहेरी कोणी उरलेलं नाही. रोज सकाळी परसात मुंग्यांच्या बिळापाशी त्या पीठ-साखर घालायच्या. आई म्हणायची, नवऱ्याच्या नावानं घालते. मला वाटतं, आपली वाट पाहणारं कोणीतरी असावं म्हणून घालत असाव्यात.

मी तेव्हा हैदराबादेत उर्दूतून विज्ञान शिकत होतो आणि सुट्टीत घरी आलो की शहाणपण पाजळल्याशिवाय मला चैन पडत नसे. एका सकाळी वहिनींना फॉर्मिक ॲसिड समजावून सांगितलं. तांबडी मुंगी चावली की आग होते ती या आम्लानं. विलायतेत पूर्वी मुंग्या उकळून, त्यांची वाफ थंड करून ते काढलं. लॅटिन भाषेत मुंगीला फॉर्मिका म्हणतात, म्हणून आम्लाचं नाव फॉर्मिक.

वहिनींचा पिठाचा हात थांबला. "जित्या मुंग्या उकळल्या? काहून पण?"

मग पुन्हा पीठ सोडत म्हणाल्या, "फॉर्मिका… मंजी ह्ये त्येंचं माहेरचं नाव म्हणा की, भाऊजी. इकडं येऊन मुंग्या झाल्या."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "माझं बी ठकू व्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर सरस्वती लिवलं. ठकू म्हणून हाक मारणारं आता कोणीबी न्हाई राहिलं."

थोरल्या भावजयीला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नाही. मी वहिनीच म्हणत राहिलो. त्या मात्र पीठ घालताना "या गं फॉर्मिका" म्हणत, आणि शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. त्यांना वाटे, एकटेपणानं बाईला भ्रम झाला. वर्गात तो शब्द शिकवताना दरवर्षी मला परसात बसलेल्या वहिनी आठवत.

दहाव्याला भटजींनी नाव विचारलं. सगळे एकदम सरस्वती म्हणाले. परत निघायच्या सकाळी मी परसात गेलो. इतके दिवस कोणी पीठ घातलं नव्हतं, तरी मुंग्या बाहेर आल्या होत्या. मूठभर पीठ सोडलं आणि जवळपास कोणी नाही असं पाहून हाक मारली, "ठकू…" पहिल्यांदाच.

हे नाव ठाऊक असलेला आता मी एकटाच आहे. वाचणाऱ्यानं ते एकदा मोठ्यानं म्हणावं.