कडेचा ग्रह

कूलरच्या ओल्या खसचा वास आला की कोराडीच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवते. कूलरसमोर बसून मी अवकाशातल्या साम्राज्याचा गेम पहिल्यांदाच खेळत होते आणि सबस्टेशनवर ऑपरेटर असलेले बाबा मागे चहा पीत पाहत होते. शत्रूची लाल जहाजं जवळ येत होती. साम्राज्याभोवतीच्या कवचाला वीज पुरेना; एखादा ग्रह अंधारात टाकणं भाग होतं. मी कडेचा, कमी वस्तीचा निवडला. "तोच काहून वं? लहान आहे म्हणून?" बाबांचा आवाज एकदम चढला. "राजधानी बंद कर." "हरेन ना मी, बाबा!" माझा हात माऊसवरच होता. जहाजं कवचाला भिडली. बाबा हळूच म्हणाले, "रोज ड्युटीवर लोडशेडिंगसाठी आपल्याच काटोलकडच्या गावाची लाईन बंद करून राहिलो मी. एक डाव मले शहराची करून पाहू दे." माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी बटण दाबलं. राजधानी काळी झाली आणि थोड्याच वेळात मी हरले. बाबा मात्र कडेच्या त्या इवल्या उजेडाकडेच पाहत होते. आता माझं घर शहरात आहे, कूलर दिवसभर चालतो. गावी फोन लावला की मी आधी विचारते, "लाईट आहे का?"