कूलरचा आवाज आणि आईचं मशीन

१४ मे. कूलरच्या ताट्यांमधला कुजका वाळा काढून नवा भरत होते. अमरावतीच्या उन्हाळ्यात हे काम टाळता येत नाही. बटण दाबलं आणि शेजारी बाजारासाठी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसलेल्या आईनं कानातलं मशीन उपटून टोपलीत फेकलं.

"मले नुसतं घूं-घूं ऐकू येऊन राह्यलं. माणसं त निस्ते तोंड हालवते."

भाऊ जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हून त म्हनतो, उद्यापासून बाजारात तुही सून बसंल. गिऱ्हाईक इचारते, अन् तू त्याच्या तोंडाकडं पाह्यतं."

"चाळीस वर्सं बसली मी त्या ओट्यावर. तू तिथंच पोत्यावर झोपे, लहानाचा मोठा झाला!"

मी मशीन स्वतःच्या कानात घातलं. कूलर गरजला. भावाचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं. महिनाभर आई हेच सांगत होती आणि मी "सवय होईल" म्हणत होते. तंत्रनिकेतनात मी फिल्टर शिकवते: कोणते आवाज जाऊ द्यायचे, कोणते अडवायचे. आधी लाज वाटली, मग संताप आला.

महिन्यापूर्वी ज्या शिबिरात कान तपासून हे मशीन दिलं, तिथला तपासणीचा कागद काढला. घरघरीसारखे जाड आणि शिट्टीसारखे बारीक, सगळेच आवाज सारखे कमी ऐकू येतात, अशी सरळ रेघ. वयानं कान असे जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात, आणि शब्द उमगतात ते त्यांच्यामुळेच.

"आई, तपासलं तेव्हा तिथं कूलर सुरू होते?"

"मंग? चार मोठ्ठाले. उन्हाळ्यात कोन बंद ठेवते?"

चार कूलरच्या घरघरीत तपासणीचे जाड सूर बुडाले आणि दोष आईच्या कानाला लागला. मग मशीननं जाड आवाजही वाढवले, त्यांच्याखाली शब्द दबले.

शिबिरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, कूलर बंद केले असते त पब्लिक पळाली असती ना!"

"मग तुम्ही कूलर तपासलेत. माझ्या आईचा कान नाही," म्हणाले आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या हातात तराजू दिला. "आज ओट्यावर तू बस. बायकोला नाही बसवायचं. तेही आई परत येईपर्यंतच. जागा तिचीच आहे." पहिल्या गाडीनं आईला अकोल्याला नेलं. कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीची वेगळी खोली होती, पण दाराबाहेरच कूलर. आईला आत बसवलं आणि त्याचं बटण मीच बंद केलं. बाकावरची माणसं कुरकुरली. त्यांना कुरकुरू दिलं.