शेऱ्याचा रकाना

गेल्या वर्षीच्या मार्चची सोळा तारीख, रविवार. रक्कम अठरा हजार सहाशे चाळीस रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको आणि मला आठवीला गणित शिकवलेले गुरुजी. जागा, आमच्या माजलगावच्या घराची पुढची खोली.

ही रक्कम एका कंपनीने मागितली होती. तीन हजार सहाशे चाळीस मागची थकबाकी, आणि पंधरा हजार पुढच्या पूर्ण वर्षाचे, नव्या दराने. एकतीस मार्चपर्यंत भरले नाहीत तर त्यांच्याकडे ठेवलेलं सगळं पुसलं जाणार होतं. त्यात गुरुजींच्या सव्वीस वह्यांचे फोटो होते. ते तिथे मीच ठेवले होते.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे माझी चूक किती मोठी ते कळेल. क्लाउड म्हणजे आपली माहिती दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवणं. ते कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर उघडं असावं, कुणालाही वाचता यावं, फुकट वापरता यावं, आणि मन उठलं की सामान उचलून दुसरीकडे जाता यावं, असं सांगत फिरणं ही माझी नोकरी. ओपन सोर्स क्लाउडचा प्रचारक. अशा सॉफ्टवेअरवर काम करणारी एक संस्था मला पगार देते. मी घरून काम करतो आणि कॉलेजं, पतसंस्था, कारखान्यांची ऑफिसं इथे बोलायला जातो. एका पतसंस्थेत माझं दीड तासाचं बोलणं झाल्यावर मॅनेजरने विचारलं होतं, "पण तुमी इकता काय?"

"काहीच नाही."

"मग पगार कावून देतात?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या बोलण्यात माझं एक ठरलेलं वाक्य असतं: जिथे आत जायला फुकट आणि बाहेर यायला पैसे, तिथे आपलं सामान ठेवू नका.

आता गुरुजींच्या वह्या. तेलगावच्या अलीकडे त्यांचं गाव आहे. तिथल्या अकरा विहिरींचं पाणी गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, दर महिन्याच्या एक तारखेला मोजायचे. सव्वीस वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. काकू दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडायच्या. दोरीला हाताहाताला गाठ होती. दगड पाण्याला लागला की त्या गाठी मोजून ओरडायच्या, "नऊ हात, चार बोटं!" आणि गुरुजी लिहायचे. तारीख, विहीर, खोली, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. तीन हजार चारशे बत्तीस नोंदी झाल्या. मी त्या गुणाकार करून ताडून पाहिल्या आहेत, एकही महिना चुकलेला नाही.

सहा वर्षांपूर्वी गुरुजींनी वह्या माझ्याकडे आणल्या तेव्हा त्या पंचवीस होत्या. वहीची पानं सुटायला लागली होती. मी आकडे कॉम्प्युटरवर चढवले. शेरा चढवला नाही, कारण शेऱ्याची बेरीज होत नाही. पानांचे फोटो मात्र काढले, आणि तेव्हा एक कंपनी पहिलं वर्ष फुकट देत होती म्हणून तिथे टाकले. नंतर आपल्या सॉफ्टवेअरवर हलवू, असं ठरवलं. पुढच्या वर्षी सव्विसावी वही भरली, तिचेही फोटो तिथेच टाकले. त्यानंतर पंधरा दिवसांतच काकू गेल्या. मोजणी थांबली.

हलवायचं राहून गेलं. माझी आधीची नोकरी सुटली, तिथला ईमेल बंद झाला, आणि कंपनीच्या सूचना त्या बंद पत्त्यावर जात राहिल्या; शेवटची तेवढी त्या मार्चमध्ये माझ्या मोबाइलवर आली. दरम्यान गुरुजींच्या माळ्यावर वह्यांना वाळवी लागली. त्यांनी फोन करून विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "गुरुजी, खुशाल टाकून द्या. सगळं वर सुरक्षित आहे." त्यांनी माझ्या शब्दावर वह्या बंबात घातल्या.

त्या रविवारी हे सगळं मी त्यांना तोंडाने सांगितलं. कागदावर आकडेही लिहून दाखवले.

बायको चहा ठेवत म्हणाली, "अहो, ते तुमचं वाक्य काय होतं? आत जायला फुकट..."

"माहीत आहे."

"न्हाई, सांगा की गुरुजींना. लोकं टाळ्या वाजवतात ना त्याला."

गुरुजी हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. म्हणाले, "आकडे तर तुझ्याकडं हायत ना?"

"आहेत. एकूण एक."

"आकडे मला बी पाठ हायत. मला शेरा पाहिजे." मग बशीतला चहा तसाच धरून म्हणाले, "शेवटचं पान. त्या दिवशी चहा झाला का राहिला, तेवढं बघायचंय."

त्यांचा नियम होता. अकरावी विहीर झाली की तेलगाव फाट्यावर काकूंना चहा पाजायचा. काकू म्हणायच्या, माझी मजुरी. कधी बस समोर उभी असली की चहा राहायचा, आणि गुरुजी शेऱ्यात लिहायचे: चहा राहिला, पुढच्या महिन्यात दोन. शेवटच्या एक तारखेनंतर सोळा दिवसांनी काकू गेल्या.

"मला दोन्ही आठवतं," गुरुजी म्हणाले. "बस उभी होती, आमी पळत गेलो, असं बी आठवतं. आणि ती बाकड्यावर बसून फुंकर मारतीया, असं बी आठवतं. चार वर्षं झाली. कोणतं खरं ते न्हाई कळत."

मी म्हणालो, सगळी रक्कम आत्ता भरतो, चूक माझी आहे. बायकोही म्हणाली, भरा. गुरुजींनी मान हलवली. "आज भरशील. पुढल्या मार्चला परत मागतील. शाळेत तुला काय शिकवलं, उत्तर पुस्तकाच्या मागून पाहून लिहायचं का?"

"मग काय करू?"

"तुझा धंदा काय हाय? ते कर."

सोमवारपासून मी कंपनीच्या अटींची चौतीस पानं वाचली. अठ्ठाविसाव्या पानावर होतं की खातं बंद करायचा अर्ज दिला आणि थकबाकी भरली, तर ग्राहकाचं सगळं सामान एका गठ्ठ्यात परत मिळेल. मी त्याच दिवशी अर्ज दिला, थकबाकी भरली. बुधवारी गठ्ठा आला. पण तो त्यांच्याच पद्धतीने बांधलेला होता, आणि सोडवणारं सॉफ्टवेअर फक्त त्यांचं. ते मिळणार पुढच्या वर्षाचे पंधरा हजार भरल्यावरच. घर परत द्यायचं, कुलूप लावून, आणि किल्ली विकायला ठेवायची, असा प्रकार.

मी स्वतः प्रोग्रॅम लिहिणारा नाही, बोलणारा आहे. पण माझ्या ओळखीच्या लोकांची एक उघडी यादी आहे, जिथे अडचण लिहिली की कुणीही उत्तर देतं. तिथे शोधल्यावर सापडलं की केरळातल्या एका बाईंनी हाच गठ्ठा सोडवणारा प्रोग्रॅम तीन वर्षांपूर्वी अर्धा लिहून सोडून दिला होता. मी त्यांना पत्र लिहिलं. काम काय आहे, फोटो किती, मुदत कधी, सगळे आकडे दिले. शेवटी, बराच वेळ विचार करून, चहाचंही लिहिलं.

त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. कुणाला लागत नाही म्हणून सोडला होता. आता लागतोय तर पुरा करते.

मी मनाशी ठरवलं होतं, अठ्ठावीस तारखेपर्यंत झालं नाही तर गुरुजींना न सांगता पंधरा हजार भरायचे. बायकोला तेवढं सांगून ठेवलं होतं. सत्तावीसला दुपारी प्रोग्रॅम आला. पहिल्यांदा चालवला तेव्हा अर्धे फोटो करडे निघाले. मी कळवलं, त्यांनी तासाभरात दुरुस्त केला. दुसऱ्यांदा सगळे उघडले.

मी शेवटचं पान आधी बघितलं नाही. मोह झाला होता. बायको म्हणाली, "त्यांचं आहे, त्यांना बघू द्या." आम्ही लॅपटॉप घेऊन बसने गेलो.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि पान बघितलं. अक्षर त्यांचंच. तरी त्यांनी मोठ्याने वाचलं, जसं वर्गात वाचायचे.

"चहा झाला. बस चुकवली. पैसे हिने दिले, दोन हाफ, दहा रुपये. माझ्याकडे सुटे नव्हते."

मग परत एकदा वाचलं, मनात. "बस चुकवली," असं स्वतःशीच म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "चार वर्षं मी तिला चहा देणं लागतो असं धरून चाललो होतो. मी तर दहा रुपये लागतो."

एक एप्रिलला दोरी माझ्या बायकोने सोडली. हे तिनेच ठरवलं, मला विचारलंही नाही. अकरापैकी एक विहीर बुजवली होती, दहा मोजल्या. पहिल्या विहिरीवर ती हळूच म्हणाली, "अकरा हात, दोन बोटं." गुरुजी कठड्याच्या पलीकडून ओरडले, "मोठ्यानं, सूनबाई! विहिरीला ऐकू गेलं, मला न्हाई." दुसऱ्या विहिरीपासून ती ओरडायला लागली. गुरुजी लिहीत होते. मी पिशवी धरून मागे चालत होतो.

वह्यांचे फोटो आता तीन ठिकाणी आहेत: गुरुजींच्या घरी ठेवलेल्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर, आमच्या संस्थेच्या एका सर्व्हरवर, आणि केरळात त्या बाईंकडे. तिन्हीकडचं सॉफ्टवेअर उघडं आहे. शेऱ्याचा रकाना मी हाताने चढवतोय. बावीस वह्या झाल्या, चार राहिल्यात.

शेवटी दिलेले पैसे असे. कंपनीला तीन हजार सहाशे चाळीस. केरळच्या बाईंनी काही घेतलं नाही, एका विहिरीचा फोटो मागितला, तो पाठवला. आणि एक एप्रिलला तेलगाव फाट्यावर चहा झाल्यावर गुरुजींनी खिशातून दहाची नोट काढून माझ्या बायकोपुढे धरली. ती नको म्हणाली. "माझे न्हाईत, तिचे हायत," गुरुजी म्हणाले. मग तिने घेतली. दहा रुपये, माझ्या बायकोला, काकूंच्या वतीने.