सार्वजनिक नळ मागणाऱ्या बाई

तुर्भ्यात एका कचेरीबाहेर बसून मी लोकांना अर्ज लिहून देतो. अर्जाचा विषय प्रथम ठरवावा आणि नाव-पत्ता शेवटी घालावा, ही माझी पद्धत असून ती सर्वमान्य आहे. मागील महिन्यात मात्र एका वृद्ध बाईंनी मला पेचात टाकले. झोपडपट्टीच्या जागी झालेल्या इमारतींतील एका खोलीत त्या एकट्याच राहत होत्या. बोलताना त्यांचा डावा हात कळशी धरल्यासारखा कमरेशी वळलेला असे.

“आमच्या बिल्डिंगखाली सार्वजनिक नळ पायजे. लिवा.”

“मावशी, घरात नळ नाही काय?”

“हाय की. म्हनून तर आले.”

मी स्वतः वस्तीत वाढलो. पहाटे हंडा रांगेत ठेवून राखण करणे, हेच माझे बालपण. घरोघरी नळ मिळावेत म्हणून मी कित्येक अर्ज लिहिले. त्यामुळे ही मागणी विसंगत असल्याचे मी त्यांस स्पष्टपणे सांगितले.

“लई शाना हायेस,” बाई हसल्या. “रांगेत हंडा दिसला नाय, की बाया दार ठोकायच्या. परवा न्हानीत पडले, रातभर तशीच. कोन ठोकनार?”

मी कागदावर ‘विषय’ एवढे लिहिले. पुढे काय लिहावे, ते सुचेना. “उद्या या,” म्हणालो.

त्या आल्या नाहीत. आठवड्याने मी स्वतः त्या इमारतींपाशी गेलो. सर्व दारे सारखीच आणि सर्व बंद होती. त्यांतले कोणते ठोकावे, हे मला ठाऊक नव्हते.