कोट घालून बघा

मोलगीजवळच्या आमच्या आश्रमशाळेत ती दरवर्षी जीपनं येते. तळोद्याच्या कोर्टात वकिली करते आणि माझ्याच गावची आहे. दहावीच्या मुलींना वकील कसं व्हायचं ते सांगताना ती अंगावरचा काळा कोट काढते आणि एकेकीला घालून बघायला देते. प्रत्येक वाक्यानंतर "बरोबर ना?" विचारायची तिला सवयच आहे. मुली मग एका सुरात "बरोबर" म्हणतात.

यंदा कोट घातलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या गावात पंच बसतात, तेव्हा तुम्ही बोलता का?"

ती म्हणाली, "नाही. तिथं बायांना बसू देत नाहीत. मी मागं उभी राहून ऐकते."

या वेळी "बरोबर ना?" आलं नाही. मुलीनं कोट काढला, नीट घडी केली आणि परत दिला.

फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी मी तो पुसायला घेतला. त्या पंचांमध्ये मीही बसतो. ते तिनं मुलींना सांगितलं नाही.

जाताना दारात थांबून म्हणाली, "पोरगी हुशार आहे सर, बरोबर ना?"

मला मान वर करता आली नाही.